तांडा स्थिरावला

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता धरला, म्हणजे आपण कन्नड या तालुक्याच्या गावी येतो. त्याच्या पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा एकदम खाली खानदेशात उतरतो. या उताराला औट्रम घाट म्हणतात. घाटमाथ्याच्या आसपास, तसेच पूर्वेकडे सिल्लोड-सोयगावच्या बाजूस, डोंगराच्या कुशीत लहान लहान वस्त्या वसलेल्या आहेत. त्यांच्यापैकी अनेकींच्या नावांच्या शेवटी एकच शब्द येतो : तांडा.

तांडा या शब्दाचा मूळ अर्थ तुम्हांला ठाऊक असेल. माणसे व जनावरे यांचा वाटेने चाललेला मोठा जथा, तो तांडा. मग जे सतत चालत राहते, त्याचे नाव एका जागी उभ्या असलेल्या गावाला कसे मिळाले ?

या वस्त्या बंजारा लोकांच्या आहेत. त्यांना कोणी लमाण म्हणतात, कोणी लंबाडी म्हणतात. ते स्वतःला 'गोर' म्हणवितात आणि त्यांच्या बोलीला गोरबोली असे नाव आहे. बंजारा हे नाव वाणिज्य या शब्दावरून आणि लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दावरून आले असावे, असे अभ्यासक मानतात. या दोन नावांतच त्यांचा जुना व्यवसाय सांगितला गेला आहे. समुद्रकाठचे मीठ देशावर आणावे आणि देशावरचे धान्य जेथे त्याची वाण असेल तेथे न्यावे, हे त्यांचे काम. या व्यवसायाला ते 'लदेणी' म्हणत.

लदेणीसाठी गाडी लागत नसे. घाटांतून गाडीवाट होतीच कोठे ? धान्याच्या जड गोणी बैलांच्या पाठीवर लादीत आणि हजारो बैल एकामागून एक चालू लागत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. १६३२ साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला आग्र्याहून पाटण्याकडे जाताना चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. असा तांडा दिवसाकाठी तीन-चार कोसांहून अधिक चालत नसे. ही चाल आपणांस फारच मंद वाटेल. पण त्या मंदपणातच खरा हिशेब होता. बैल चालता चालता वाटेवरचे गवत खात. वैरणीला पैसा पडत नसे, आणि म्हणून शेकडो मैलांवरचे धान्यही परवडेल अशा दराने बाजारात येई.

तांड्याच्या अग्रभागी एक बैल शृंगारून चालविलेला असे. त्याच्या गळ्यात घंटा, अंगावर कवड्यांनी मढविलेली झूल, आणि पाठीवर ओझे मात्र मुळीच नाही. तो देवाचा बैल. मुक्काम पडला, की गोणी एकावर एक रचून त्यांचा कोट उभारीत आणि राखणीला दांडगे कुत्रे सोडीत. तांड्याचा प्रमुख तो नाईक. त्याच्या मदतीला कारभारी. वाट कोणती धरावी, मुक्काम कोठे करावा, भांडण कसे मिटवावे, हे सारे नाईक ठरवी. बायकामुलेही बरोबरच असत. मूल वाटेवरच जन्मे, वाटेवरच चालावयास शिके. घर म्हणून जे काही होते, ते बैलांच्या पाठीवर होते.

राजेरजवाड्यांनाही या लोकांवाचून चालत नसे. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, तेव्हा त्यांच्यामागून धान्याचे तांडे आले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईची प्रसिद्ध लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्या मोहिमेत इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेला धान्य पुरविण्यात बंजाऱ्यांच्या बैलांचा मोठा वाटा होता. इतिहासात सेनापतीचे नाव राहिले. गोणी वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे आगगाडी आली. १८५३ साली मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला. १८७० पर्यंत मुंबईची आगगाडी चाळीसगाव, भुसावळ मागे टाकून थेट कलकत्त्याच्या लोहमार्गास मिळाली. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेला लोहमार्ग औरंगाबादलाही पोहोचला. हजार बैलांना जे ओझे नेण्यास महिना लागे, ते आगगाडी एका दिवसात नेऊ लागली. घाटांतून पक्क्या सडका झाल्या, तेव्हा उरलासुरला माल बैलगाड्यांकडे गेला. पिढ्यान्‌पिढ्यांची लदेणी एकाच माणसाच्या हयातीत बंद पडावी, असा हा बदल होता.

आता करावे काय ? जवळ धन होते ते गुराढोरांचे. तेव्हा अनेक तांडे आपले कळप घेऊन डोंगराच्या कडेस जाऊन राहिले. तेथे गवत होते, झरे होते, आणि खालच्या सपाटीवरील काळी जमीन आधीच गावकऱ्यांच्या ताब्यात होती. प्रथम त्यांनी गुरे वाढविण्याचा उद्योग केला. गाई राखाव्या, खोंड तयार करावे आणि बाजारात शेतकऱ्यांना विकावे. बैलाची पारख त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास असणार ? परंतु रानावरचे निर्बंध वाढत गेले, चराई आखडली, आणि कळपही लहान होत चालले. तेव्हा डोंगरउतारावरची मुरमाड जमीन फोडून शेती करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

साधारण याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूसही माणसे नव्या जमिनीवर घरे बांधीत होती. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. त्यान्वये जो कोणी सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे ती कसील, त्याला १६० एकर जमीन मिळे. त्या आधारावर असंख्य कुटुंबे पश्चिमेकडील मैदानांत व डोंगरांत गेली. तेथे त्यांनी गुरे पाळली, शेते केली. (ती जमीन मुळात तेथील आदिवासींची होती, ही गोष्ट विसरता कामा नये.) आमच्या डोंगरातील तांड्यांच्या वाट्याला असा कायदा आला नाही. आला तो निराळाच. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, आणि पुढे बंजाऱ्यांच्या काही गटांनाही त्याचा जाच झाला. या कायद्याखाली आलेल्या माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून दुसऱ्या गावी जाता येत नसे. ज्यांच्या विश्वासावर कालपर्यंत लाखो मणांचे धान्य सोपविले जाई, त्यांच्याकडेच आता संशयाने पाहिले जाऊ लागले ! स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, हा कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमातींना विमुक्त जाती म्हणतात. महाराष्ट्रात बंजाऱ्यांची गणना त्यांतच होते.

पहिल्या पिढीचे कष्ट कसे असतील, याची कल्पना करून पाहा. हाताशी बैल आहेत, पण औताची सवय नाही. जमीन आहे, पण वीतभर मातीखाली कातळ लागतो. पहिल्या पावसात पेरलेले बी उताराच्या पाण्याबरोबर वाहून जाते. मग शेतातले दगड वेचावे, तेच रचून आडवे बांध घालावे, बांधाआड माती धरावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरावे. ज्वारी, बाजरी, तूर आणि पुढे कपाशी, अशी पिके हळूहळू येऊ लागली. जेथे चार झोपड्या होत्या तेथे वस्ती झाली. वस्तीला पुष्कळदा नाईकाचेच नाव पडले, आणि मागे 'तांडा' हा शब्द राहिला.

विदर्भातही असेच घडले. पुसदजवळील गहुली या गावी बंजारा शेतकऱ्याच्या घरात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ते वकील झाले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित वाणांच्या प्रसाराकडे आणि शेतीच्या सुधारणेकडे त्यांनी विशेष लक्ष पुरविले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. बैलांच्या पाठीवर घर असणाऱ्यांच्या कुळातील माणसाचे नाव शेतीच्या दिवसाशी जोडले गेले, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

तथापि सर्वच तांड्यांचे चालणे संपले आहे असे नाही. कोरडवाहू शेतीवर वर्षभर पोट भरत नाही. म्हणून मराठवाड्यातील पुष्कळ तांड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्यामागे घरी म्हातारी माणसे राहतात. ज्या मुलांची गावात राहण्याची सोय होते, त्यांची शाळा चालू राहते; ज्यांची होत नाही, त्यांची सुटते. तुमच्या वर्गातील एखादा बाक असा मध्येच रिकामा झाला असेल, तर तो मुलगा कोठे गेला असेल हे आता तुमच्या ध्यानात येईल.

दिवाळीत तांड्यावर एक जुनी चाल अद्याप पाळतात. अवसेच्या रात्री कुमारिका हाती दिवे घेऊन घरोघर जातात आणि वडीलधाऱ्यांना ओवाळतात. याला 'मेरा' म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुली नटूनथटून गाणी गात रानात जातात व टोपल्या भरून फुले आणतात. मग प्रत्येक घरापुढे शेणाचे गोधन मांडून त्यावर ती फुले वाहतात. घरात एखादीच गाय असो वा एकही नसो, फुले मात्र प्रत्येक दारी पोहोचतात.