ऱ्होड्स पियानो सुरात लावताना

गेल्या स्नेहसंमेलनापूर्वी मामांनी आपल्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला 'ऱ्होड्स' इलेक्ट्रिक पियानो माझ्या स्वाधीन केला, पण एका अटीवर. "आधी तो सुरात लाव. बेसूर वाद्य माझ्या घरातून स्टेजवर जायचं नाही." सांधे धरल्यापासून ते स्वतः वाजवीत नाहीत. हाताशी आठ दिवस होते.

अमेरिकेतील हॅरॉल्ड ऱ्होड्स (१९१०–२०००) यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात वाजवता यावा असा छोटा पियानो विमानांच्या सुट्या भागांतून बनवला. त्यांच्या पुढील प्रयत्नांतून हे वाद्य घडले. त्यात तारा नसतात. पट्टी दाबली की हातोडी एका बारीक पोलादी कांडीवर आदळते. कांडी आणि तिच्या जोडीचा धातूचा दांडा मिळून जणू नादकाटाच होतो. टोकासमोरचे चुंबक व वेटोळे त्या कंपनांचे विजेत रूपांतर करते. कांडीवर घट्ट बसलेली स्प्रिंग टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, बुडाकडे सरकवली की चढतो. सरकवायची ती मात्र केसभरच!

४४० कंपनांच्या नादकाट्याशी मी 'ए' मिळवला. दोन स्वरांत किंचित फरक असला की आवाज हेलकावतो. हेलकावे थांबले की स्वर मिळाले. मग 'ए'चा पंचम 'ई', 'ई'चा पंचम 'बी', असे एकेक स्वर सप्तकात आणून लावीत गेलो. माझे कान तानपुऱ्यावर तयार झालेले. प्रत्येक पंचम मी अगदी निश्चल केला. शेवटी 'डी'पाशी आलो. त्याचा पंचम म्हणजे आधीच पक्का केलेला 'ए'. दोन्ही एकत्र वाजवले आणि अंगावर काटा आला. तीन रात्रींचे श्रम फुकट गेले होते.

मामा म्हणाले, "अरे, तुझा कान नाही चुकला, हिशेब चुकला."

शुद्ध पंचमाचे प्रमाण ३:२. असे बारा पंचम चढून सात सप्तके खाली उतरले, तर आपण मूळ स्वरावर न येता सुमारे पाव अर्धस्वर वर येतो. हा वाढावा बाराही पंचमांत सारखा वाटून प्रत्येक पंचम किंचित उतरवावा लागतो. २२० कंपनांचा 'ए' आणि त्याचा 'ई' यांत चार सेकंदांना सुमारे तीन हेलकावे मुद्दाम ठेवायचे. वरच्या जोड्यांत ते अधिक जलद होतात.

कानाला जे शुद्ध, ते हाताने बिघडवायचे, हे मला पटेना. पण तानपुरा एकाच षड्जाला बांधलेला असतो. पियानोला मात्र बारांपैकी कोणताही स्वर षड्ज मानणाऱ्या गायकाची साथ करायची असते. एकाला पूर्ण न्याय दिला, तर दुसऱ्यावर अन्याय होतो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

संमेलनात तिघे गायले: काळी एक, पांढरी चार आणि काळी पाच. कार्यक्रमानंतर मामा स्टेजवर आले. आखडलेल्या बोटांनी त्यांनी 'डी' आणि 'ए' एकत्र दाबले, स्वर विरेपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "चालेल."