गिअरचा कॉम्प्युटर बदलण्यापूर्वी

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातील नोकरी सोडून गावी परतले, तेव्हा गावात पाझर तलाव होता, पण बांधातून गळती होत असल्यामुळे पाणी टिकत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती गळती बंद केली आणि तलावाखालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. नवा तलाव बांधावा लागला नाही, जुन्याचाच दोष शोधला गेला.

आज आमच्या गॅरेजवाल्या बंधूंपुढे ही गोष्ट ठेवण्याचे कारण वेगळे आहे. अण्णा लष्करात ट्रक चालवीत. त्या काळच्या ट्रकचा गिअरबॉक्स म्हणजे लोखंडी दाते आणि तेल. उस्ताद कान लावून आवाज ऐके आणि रोग सांगे. आता गिअर बदलण्याचे काम कॉम्प्युटरकडे गेले आहे. त्याचे नाव ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, थोडक्यात टीसीएम. गाडी अडली की पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकाला सांगितले जाते, “टीसीएम गेला, नवा टाकावा लागेल.” हजारो रुपयांचा भाग बसतो आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा दारात येते. पैसा गिऱ्हाइकाचा जातो, नाव मात्र आमचे जाते.

हे काम करते काय?

मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओ आणली आणि क्लचपेडल नसलेली स्वस्त गाडी सामान्य माणसाच्या हाती आली. या पद्धतीला एएमटी म्हणतात. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचप्लेटही साधीच. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी व हाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. केव्हा करायचे, हा हुकूम टीसीएम देतो. त्यासाठी तो गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, क्लचची जागा, ब्रेकचा स्विच आणि गिअरचा दांडा यांची खबर सतत घेत असतो. यातील एक खबर खोटी आली तरी शहाणा टीसीएमही चुकीचा हुकूम देतो, नाहीतर गाडी जागच्या जागी थांबवतो. म्हणून हुकूम चुकला की दोष हुकूम देणाऱ्याचाच, असे धरू नये.

एक उदाहरण घेऊ

राळेगणसिद्धीच्या एखाद्या शेतकऱ्याची एएमटी गाडी आपल्याकडे आली असे समजू. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याजवळ गाडी थांबली, गिअरचा दिवा लुकलुकू लागला, दांडा हलवला तरी गिअर पडेना. अर्ध्या तासाने गाडी आपोआप चालू झाली. आता काय करावे?

आधी विचारावे. बॅटरी केव्हा बदलली? गाडी धुताना इंजिनवर जोराने पाणी मारले का? वेल्डिंगचे काम झाले का? गाडी कांदाचाळीजवळ महिनाभर उभी होती का? उंदीर वायर कुरतडतात, हे खेड्यातल्या मिस्त्रीला सांगायला नको. दहा मिनिटांच्या या विचारपुशीने अर्धा रोग कळतो.

मग बॅटरी पाहावी. गाडी काही तास उभी असेल तर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ असावे. बॅटरी कमजोर असेल तर कॉम्प्युटर बावचळतो आणि नसलेले रोग दाखवतो. पुढची तपासणी बॅटरी ठीक केल्यावरच करावी.

तिसरी गोष्ट ब्रेकचा दिवा. एएमटी गाडीत ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याखेरीज गाडी सुरू होत नाही किंवा गिअर पडत नाही. मागचा दिवा लागत नसेल तर आधी तो स्विच व फ्यूज पाहावा. स्वस्त स्विचसाठी महागडा टीसीएम बदलल्याची उदाहरणे गॅरेजच्या धंद्यात नवी नाहीत.

स्कॅनर काय बोलतो

स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला म्हणजे टीसीएम खराब, असा गैरसमज आहे. या कोडचा अर्थ एवढाच की गिअरच्या कॉम्प्युटरकडे काही तक्रार नोंदलेली आहे. खरी तक्रार टीसीएममध्ये जाऊन वाचावी लागते. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी बोलणे तुटले. त्याचे कारण वायर, फ्यूज किंवा अर्थिंगही असू शकते. पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड आहे. पी०६०१ किंवा पी०६०४ आले तर मॉड्यूलच्या स्वतःच्या मेमरीवर संशय घ्यावा. कोड लिहून ठेवावेत, मग पुसावेत, गाडी चालवावी आणि कोणता परत येतो ते पाहावे.

वायरिंगची परीक्षा

इग्निशन बंद करून टीसीएमचा सॉकेट काढावा. पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन नीट पाहावी. मग इग्निशन चालू करून, कंपनीच्या वायरिंगच्या नकाशाप्रमाणे सप्लाय आणि अर्थिंग तपासावे. इथे मल्टिमीटर फसवतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून सप्लाय आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब लख्ख पेटला तर वायर दमदार. मंद पेटला तर गळती तिथेच आहे. हा बल्ब सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरला मात्र चुकूनही लावू नये.

कॉम्प्युटर एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात, त्यांना कॅन लाइन म्हणतात. सॉकेट परत बसवून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, काही मिनिटे थांबून स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजावेत. बहुतेक गाड्यांत सुमारे ६० आले तर ठीक. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

सप्लाय, अर्थिंग, कॅन लाइन आणि सेन्सरच्या वायरी निर्दोष निघाल्या, तरीही टीसीएम बोलत नाही किंवा मेमरीचा कोड पुन्हा पुन्हा येतो, तेव्हाच टीसीएम गेला असे म्हणावे.

बदलताना

जुन्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडे थांबावे. सॉकेटला कुलपाची पट्टी असते, ती उघडल्याशिवाय ओढू नये. मॉड्यूलच्या पिनांना बोट लावू नये.

नवा भाग बसवला म्हणजे काम संपले नाही. त्यात गाडीचा नंबर आणि प्रोग्रॅम भरावा लागतो आणि नंतर क्लच व गिअरच्या जागा त्याला शिकवाव्या लागतात. याला लर्निंग म्हणतात. त्यासाठी त्या कंपनीचे काम करणारा स्कॅनर हवा. प्रोग्रॅम चालू असताना बॅटरी बसली तर नवा मॉड्यूलही निकामी होऊ शकतो. म्हणून स्थिर सप्लाय जोडून ठेवावा. भंगारातील जुना टीसीएम स्वस्त मिळतो, पण त्यात दुसऱ्या गाडीची ओळख भरलेली असते आणि पुष्कळदा ती पुसता येत नाही. आपल्याकडे तो स्कॅनर नसेल तर काम अर्धवट अंगावर घेऊ नये, प्रोग्रॅमिंगपुरती दुसऱ्याची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

मजुरी तपासणीची

आमच्या धंद्यात भाग विकून मिळकत काढण्याची सवय पडली आहे. तपासणीची मजुरी मागायला आम्ही लाजतो आणि मग नको तो भाग बसवतो. हे बदलले पाहिजे. तपासणीचा दर आधी सांगावा, व्होल्टचे आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. दारात उभी केलेली गाडी ही अमानत आहे. शेतकऱ्याला तीस रुपयांच्या फ्यूजवर घरी पाठवणारा मिस्त्री त्या दिवशी कमी कमावतो, पण त्या गावातली पुढची गाडी त्याच्याच दारात येते.

शागिर्दाला पाने फिरवायला शिकवतो, तसेच एक मल्टिमीटर आणि २१ वॅटचा बल्ब त्याच्या हाती द्यावा. गळती कुठे आहे हे शोधता आले की निम्मा हुनर आला.