बल आणि गती : एक पाठ

“वस्तू ढकलली की चालते, ढकलणे सोडले की थांबते.” बल व गती यांविषयी विचारले असता पुष्कळ मुले असेच उत्तर देतात. शिक्षकाने या उत्तरास हसू नये. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याचे मतही बहुतांशी असेच होते आणि ते शतकानुशतके प्रमाण मानले गेले. मूल डोळ्यांना दिसते तेच सांगत असते. म्हणून व्याख्या फळ्यावर लिहून देण्यापूर्वी त्याला आणखी काही दाखविणे अगत्याचे आहे.

साहित्य : एक पातळ सपाट फळी, दोन पुस्तके, एक गोटी, वाळू व सतरंजी.

कृती : फळीचे एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार करावा. फळीवर खडूने खूण करून तेथून गोटी नुसती सोडावी, ढकलू नये. म्हणजे प्रत्येक वेळी ती सारख्याच वेगाने खाली येईल. पायथ्याशी प्रथम वाळू पसरावी. ती झाडून मग सतरंजी अंथरावी. शेवटी फरशी मोकळी ठेवावी. गोटी किती दूर गेली, हे मुलांनी आपल्या वितीने मोजून लिहावे.

विचार : गोटी तीच, उतार तोच; मग अंतर निराळे का? उत्तर शिक्षकाने सांगू नये. वाळूने गोटीला अडविले, हे मुलांच्याच तोंडून यावे. या अडवणुकीस घर्षण म्हणतात. आता पुढचा प्रश्न : मुळीच न अडविणारी जमीन असती तर? गॅलिलिओचा विचार याच वाटेने गेला. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नियम मांडला : बाहेरून बल न लागल्यास स्थिर वस्तू स्थिरच राहते व चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. सारांश, गती टिकविण्यास नव्हे, तर ती बदलण्यास बल लागते.

उपयोग : चालत्या गाडीतून उडी टाकणाऱ्याचे पाय जमिनीस लागताच थांबतात, शरीर मात्र पुढेच जाते व तो तोंडघशी पडतो. नियम घडाघडा म्हणणारे मूल शाळा सुटल्यावर चालत्या ट्रॉलीतून उडी मारीत असेल, तर पाठ पुरा झाला असे समजू नये.

स्वाध्याय : बैलगाडीच्या आसास वंगण का घालतात?