जुन्या जीपचा दम गेला, गिअर अडू लागला : आधी काय पाहावे?



गळीत हंगाम सुरू झाला की फडावर जायला, टोळीच्या मुकादमाला गाठायला, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यायला जुनी डिझेल जीपच कामी येते. अशी गाडी एखाद्या दिवशी पाणंदीच्या चढावर एकाएकी दम सोडते आणि गिअरही किरकिरायला लागतो. मग कोणीतरी सांगते, "इंजिन बसले, बोअर करा." इंजिन खाली उतरते आणि उसाच्या बिलाचा एक हप्ता त्यातच जातो.

आमच्याकडेही असेच घडले होते. इंजिन उघडायची तयारी झाली होती. शेवटी निघाले काय? डिझेल फिल्टर गाळाने बुजलेला आणि क्लच प्लेट तेलाने माखलेली. दोन निराळे दोष एकाच आठवड्यात दिसले, म्हणून एकच मोठा दोष वाटला. तेव्हापासून आम्ही एक नियम केला : तक्रारी दोन असतील तर तपासणीही दोन वेळा, वेगवेगळी करायची.

१) इंजिन मंदावते की नुसते ओरडते?

चढावर ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकावा. आवाज खाली बसत गेला तर इंजिनाला डिझेल किंवा हवा कमी पडते आहे, नाहीतर गाडीला कोठेतरी अडथळा आहे. आवाज वाढतो पण गाडी सरकत नाही, तर इंजिनात ताकद आहे. ती क्लचमध्ये घसरते आहे. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मे निदान होते.

२) धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे बहुधा हवा कमी. एअर क्लीनर उघडून पाहावा. तेलाचा असेल तर त्यातला गाळ काढून ठरलेल्या खुणेपर्यंत नवे तेल भरावे. हवा ठीक असूनही काळा धूर राहिला तर नोझल तपासून घ्यावेत.

ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचत नाही. आधी टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. दम परत आला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे; काडीने साफ केले की झाले. फरक पडला नाही तर फिल्टर बदलावा, नळ्यांचे सांधे व तांब्याचे वॉशर पाहावेत, आणि हातपंपाने सिस्टीममधली हवा काढावी. बॅरलमधले डिझेल वापरत असाल तर बॅरल हलवून लगेच डिझेल काढू नये. पाणी आणि गाळ तळाशी बसू द्यावा, वरचे गाळून घ्यावे. तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवय मात्र सोडावी; ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

सतत निळा धूर आणि इंजिन ऑइल कमी होत जाणे ही इंजिन झिजल्याची लक्षणे होत. पण झीज हळूहळू होते. काल चांगली असलेली गाडी आज एकाएकी अडली, तर इंजिनाआधी बाकीच्या गोष्टी पाहाव्यात.

ब्रेक धरून राहिला तरी गाडी जड होते. थोडे अंतर चालवून चाकांजवळ हात न्यावा. एकच ड्रम फार तापला असेल तर दोष तेथे आहे. ड्रमला थेट हात लावू नये, भाजेल.

३) गिअर का किरकिरतो?

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना किरकिरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही अडतात, तर लिव्हर, त्याचे सांधे किंवा गिअरबॉक्स पाहावा. एकच गिअर ओरडत असेल तर त्याच गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याचा संभव असतो. जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिल्या व रिव्हर्स गिअरला सिंक्रो नसतो. ते गाडी थांबवूनच टाकावेत. तेथे दोष गाडीचा नसतो, आपल्या घाईचा असतो.

क्लच पॅडलला अशा जीपमध्ये साधारण १ इंच मोकळा खेळ असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा मानावा. खेळ उरलाच नाही तर क्लच घसरतो, फार वाढला तर सुटत नाही. इंजिनाचे रबर माउंटिंग तुटले तर इंजिन हलते आणि क्लचचे दांडे वेडेवाकडे ओढले जातात, तेही पाहावे. प्लेटवर तेल आले तर ती घसरतेही आणि चिकटतेही. अशा वेळी नुसती प्लेट बदलू नये. तेल जेथून येते तो सील बदलला नाही तर नवी प्लेटही माखणार.

ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर गिअर ऑइल पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते बदलावे. तेल पुस्तकात दिलेल्या जातीचेच घालावे.

४) फोर-व्हील विसरू नका

चिखलात टाकलेला फोर-व्हीलचा दांडा डांबरीवर तसाच राहिला, तर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात. गाडी जड चालते आणि दांडा सुटता सुटत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर करू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, ताण सुटला की दांडा निघतो. चारही टायर सारख्या मापाचे ठेवावेत.

एक इशारा : क्लच सुटत नाही किंवा गिअर मधूनच निसटतो अशी गाडी घेऊन उताराला जाऊ नये. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. खाली काम करताना चाकांना उटी लावावी.

क्रम लक्षात ठेवा : आधी झाकण, फिल्टर आणि हवा, मग ब्रेक व फोर-व्हीलचा दांडा, मग क्लचचा खेळ, मग गिअरचे तेल, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. मिस्त्रीकडे जातानाही काय पाहिले आणि काय आढळले ते कागदावर लिहून न्यावे. म्हणजे मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.