त्या डिस्कला हात लावू नकोस

महाल, नागपूर

चि. छोटू,


वहिनीचा आत्ताच फोन आला. दादाच्या कॉम्प्युटरवर तू आज रात्री विंडोज ११ टाकतोयस म्हणे. काऊन रे एवढी घाई? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून शेजारच्या पोराच्या हाती धाडतोय. वाचून होईपर्यंत त्या डिस्कला हात लावू नकोस.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, हे मलाही ठाऊक आहे. मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचं. मायक्रोसॉफ्टला इंटेलची आठवी पिढी लागते, वर टीपीएम २.० पाहिजे. रूफस टूलने ती तपासणी चुकवता येते. चालेलही. पुढे अपडेट येईलच याची हमी कंपनी देत नाही, तेही सोड. मला भीती डिस्कची आहे.

‘नाही जमलं तर १० दिवसांत मागे येता येतं’, असं तू आईला सांगितलंस. इथे नाही येत, बाप्पा! फॉन्टच्या कुलपाचा, त्या डाँगलचा, जुना ड्रायव्हर ६४-बिटवर चालेना, म्हणून दादाने मुद्दाम ३२-बिट विंडोज ठेवली. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. ३२ वरून तिच्यावर थेट जाता येत नाही, ती नव्यानेच टाकावी लागते आणि त्यात सी ड्राइव्ह सहसा पुसला जातो. आणि दादा सगळं डेस्कटॉपवरच ठेवायचा, तुला माहीत आहे. मग मागे येणार कुठे?

फाइली कॉपी केल्यात म्हणशील. त्यातलं मराठी युनिकोड नव्हे रे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली. फॉन्ट नसला की आजीच्या तेरवीची पत्रिकासुद्धा नुसती इंग्रजी गिचमीड दिसेल.

दादा रात्र-रात्र पेजमेकरवर पत्रिका लावायचा आणि मी बाजूला चहा पीत बसायचो. ‘शीक रे’, म्हणायचा. मला नोकरीचा तोरा! आता त्याच्या फाइलींमधली ‘अंतिम’ कोणती आणि ‘अंतिम-खरी’ कोणती, हे सांगायला कोणी नाही.

बर्डीच्या बाजारातून नवी एसएसडी आण, पैसे मी देतो. तोवर इंटरनेट बंद ठेव आणि जमतील तेवढ्या पत्रिका जुन्या विंडोजवरच उघडून पीडीएफ करून घे. मग जुनी डिस्क काढून कपाटात ठेव आणि नवीवर काय घालायचा तो गोंधळ घाल.

फार बोललो, नाही? लागलं असेल तर सोडून दे. नवं करून बघायची खोड तुला दादाकडूनच आलीये. त्याने छपाईचे खिळे सोडून कॉम्प्युटर आणला, तेव्हा आजोबा त्याच्याशी बोलेनासे झाले होते.

वहिनी आणखी एक म्हणाली. रात्री सगळे झोपल्यावर तू त्या मशीनपाशी एकटाच बसतोस, नुसत्या फाइली उघडत. विंडोजचं निमित्तच असेल तर तसं सांग. मी उद्या संध्याकाळी येतो, दोघं मिळून उघडू. आईला म्हणावं, सांबारवडी कर. परीक्षेचं मी विचारणार नाही.

तुझा,
काका