धान्याचा भाव आणि अर्थशास्त्रातील विचारपंथ

टंचाईच्या वर्षी ज्याच्या वखारीत धान्य असते, तो समाजाचा मित्र की शत्रू? हा प्रश्न आम्हां धान्यव्यापाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि या प्रश्नाच्या निमित्ताने अर्थशास्त्राचे जे अल्पस्वल्प वाचन घडले, त्यावरून एक गोष्ट ध्यानी आली. या शास्त्रातील पंथांचे भांडण केवळ मतांचे नसून विचारपद्धतीचेही आहे. आणि ते अनेकदा धान्यावरूनच पेटले आहे.

फ्रान्समधील निसर्गवादी पंथाचा प्रमुख केने हा राजदरबारातील वैद्य होता. संपत्ती समाजात कशी फिरते, याचा तक्ता त्याने १७५८ साली मांडला. जमीन हाच संपत्तीचा उगम आणि धान्यव्यापाराची मोकळीक हा निसर्गनियम, हे या पंथाचे सूत्र होय. त्यावर नेपल्सचा मुत्सद्दी गालियानी याने १७७० च्या संवादग्रंथात आक्षेप घेतला की, देश, काळ व परिस्थिती पाहूनच धान्याचा कायदा करावा. पुढे १७७४ साली मंत्री त्यूर्गो याने देशांतर्गत धान्यव्यापार मोकळा केला. त्याच वर्षी पीक कमी आले आणि १७७५ च्या वसंतात भाकरीसाठी दंगे उसळले.

१७७६ साली ॲडम स्मिथ याने धान्यव्यापाऱ्याची बाजू उचलून धरली. अन्नसाठा कमी आहे असे दिसताच सुज्ञ कप्तान खलाशांचा शिधा आटोपता घेतो, तद्वतच व्यापारी भाव वाढवून लोकांस वेळीच काटकसर करावयास लावतो, असा त्याचा युक्तिवाद. त्यानंतर रिकार्डो आणि माल्थस या मित्रांत इंग्लंडमधील धान्यकायद्यावरून १८१५ च्या सुमारास वाद झाला. रिकार्डो स्वतः शेअरबाजारातील यशस्वी दलाल. पण लिहिताना थोडी गृहीतके धरून त्यांवरून कायमचे परिणाम काढी. माल्थसची दृष्टी तात्कालिक परिणामांवर असे. तो कायदा रद्द करण्याचा निर्णय अखेर १८४६ साली झाला.

ही दोन टोके १८८३ साली उघडपणे भिडली. ऑस्ट्रियाचा मेंगर म्हणे, व्यक्तीच्या गरजेपासून तर्काने नियम काढा. जर्मनीचा श्मोलर म्हणे, आधी इतिहास व आकडे गोळा करा. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात ऐतिहासिक पद्धतीचा पुरस्कार केला. इंग्लंडच्या परिस्थितीवरून काढलेले सिद्धांत हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू करू नयेत, हे त्यांचे प्रतिपादन.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे तपासले. त्या वर्षी उपलब्ध धान्य मागील पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे पाच टक्केच कमी होते. उलट १९४१ पेक्षा, म्हणजे दुष्काळ नसलेल्या वर्षापेक्षा, ते अधिक होते. तरीही लाखो माणसे मेली. कारण शेतमजूर व कोळी यांची कमाई भावाच्या मागे पडली. स्मिथचा कप्तान सर्व खलाशांचा शिधा सारखा कमी करतो. बाजारातील भाव मात्र ज्याची गाठ रिकामी, त्याचाच शिधा बंद करतो.

याचा पडताळा आमच्या पेढीवरही येतो. भाव चढला की मजूरवस्तीतील किरकोळ दुकानदार पूर्वीपेक्षा कमी पोती उचलतो. पेठेतील सधन गिऱ्हाइकांचा दुकानदार मात्र तितकीच नेतो. तरुणपणी आम्ही यास ‘मागणी घटली’ असे म्हणत असू. भूक घटलेली नव्हती, पैसा संपला होता, हे समजावयास वय व्हावे लागले.

म्हणून स्मिथ खोटा ठरत नाही. भाव दाबून ठेवल्यास दूरच्या बाजारातून माल येत नाही, हेही आपण पाहिलेच आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जून २०२३ मध्ये गव्हावर साठामर्यादा आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मोकळीकीचा सिद्धांत सांगितला. तो सांगावा, पण गालियानीचा प्रश्नही स्वतःस विचारावा: कोणत्या देशी, कोणत्या वर्षी, कोणासाठी?

व्यापारी बंधूंनो, रोजमेळात आपण भाव लिहितो. त्याच्या शेजारी, कोणत्या वस्तीचा माल उठेनासा झाला, हेही लिहीत जावे. पहिल्या नोंदीवरून तर्क चालतो, दुसरीवरून इतिहास कळतो. दोन्ही नोंदी पाहूनच, वखार केव्हा उघडावी याचा निर्णय करणे उचित होय.