गाडीच्या रंगाला हात लावण्याआधी

पोरी, नवी गाडी घेतलीस, आनंद वाटला. इंजिनाची काळजी सर्व्हिस सेंटरवाले घेतील, रंगाची मात्र तुलाच घ्यावी लागेल. माझं आयुष्य डेंटिंग-पेंटिंगच्या कामात गेलं, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो. सगळ्यांचं सार एकच: रंग उन्हापावसाने जितका जातो, त्याहून जास्त आपल्या पुसण्या-घासण्याने जातो.

आधी हा रंग कसा बसवलेला असतो ते समजून घे. कारखान्यात गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चकाकी त्याची आणि उन्हातले अतिनील किरण अडवायचं कामही त्याचंच. ही तुझी मुद्दल समज. प्रत्येक रबिंगला ती थोडी खर्च होते आणि पुन्हा भरून येत नाही.

फियाट-अँबॅसिडरच्या काळात वर हा थर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. म्हणून घरातलं कुणी मोठं माणूस ‘दर दिवाळीला रबिंग करून घे’ म्हणालं, तर मान राखून ऐक, पण करू नकोस.

कोरडं फडकं फिरवू नकोस. धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली ते अडकतात आणि ओरखडत जातात. रात्री पार्किंगमध्ये बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धर. प्रकाशाभोवती गोल गोल बारीक रेषांचं जाळं दिसलं, तर ते पुसण्याचं समज. काळ्या गाडीवर ते लगेच दिसतं. पांढऱ्या गाडीवर असतं तेवढंच, पण लपतं.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या दादांकडे एक बादली, एक फडकं आणि डझनभर गाड्या असतात. त्यांना दोष देऊ नकोस, तेवढ्या वेळात दुसरं काय करणार? त्यांना सांग, ‘दादा, रोज फक्त काचा पुसा. बाकी गाडी आठवड्यातून एकदा पाणी ओतून धुवा.’ पैसे तेवढेच दे आणि मायक्रोफायबरचं फडकं तुझं दे.

धुण्याचा क्रम मोडू नकोस. गाडी सावलीत आणि गार असू दे. आधी नुसतं पाणी सोडून माती भिजव आणि वाहून जाऊ दे. मग दोन बादल्या घे, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. टपापासून सुरुवात करून खाली ये. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं झटकून पुन्हा वापरायचं नाही. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्याने मेण निघून जातं आणि रबर कोरडं पडतं. पाणी बोअरवेलचं असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नकोस, क्षारांचे डाग बसतात. लगेच टिपून घे.

आजचा डाग आजच काढ. पक्ष्याची विष्ठा उन्हात वाईट काम करते. तिच्यात आम्ल असतंच, शिवाय तापलेला क्लिअर कोट मऊ होतो, विष्ठा वाळून कडक होते आणि गार होताना रंग तिच्याच आकारात बसतो. मग डाग धुतला तरी खूण राहते. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी कायम ठेव. ओलं फडकं डागावर पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मऊ झाल्यावर उचलून घ्यायचं. खरवडायचं नाही.

आंबा मोहरला की त्याच्याखाली गाडी लावू नकोस. तुडतुडे पडले की चिकट गोड रस गळतो, त्यावर धूळ बसते आणि नंतर काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शाम्पूने तो निघतो, पण त्याच दिवशी. बांधकामाशेजारी सिमेंटचे शिंतोडे उडाले तर तेही वाळू देऊ नकोस. वाळलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन थोडा वेळ लाव आणि भरपूर पाण्याने धू. रेल्वे रुळाजवळ गाडी उभी राहत असेल तर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसतील. तो गाडीचा गंज नव्हे, ब्रेकमधून आणि रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण आहेत. ते काढायला वेगळं द्रावण मिळतं. घासून काढू नकोस.

दसऱ्याला पूजा जरूर कर. फक्त ओलं हळद-कुंकू बॉनेटऐवजी काचेवर लाव, झेंडूचा हार तारेने न बांधता दोऱ्याने बांध, आणि संध्याकाळी सगळं पाण्याने उतरव.

खडीचा टवका छोटा समजू नकोस. गावी येताना समोरच्या ट्रकखालून खडी उडते आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला मोहरीएवढा टवका जातो. पत्रा उघडा पडला की दमट हवेत, त्यातून समुद्राकाठी, गंज रंगाखालून पसरतो आणि फोड येतो. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याच कोडचा टचअप घे. जागा धुऊन पूर्ण वाळव आणि टूथपिकच्या टोकाने दोन पातळ थर दे. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथला ओरखडा सहा महिने राहिला तरी चालेल, पत्र्यावरचा आठवडाभरही नको.

किनाऱ्याच्या वाळूवर गाडी घालू नकोस. खारं पाणी लागलंच तर त्याच दिवशी खालून चेसिस आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुऊन घे. पावसाळ्याआधी दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बघ. चिखलाने ती बुजली की दार आतून कुजतं, आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ओल्या किंवा धुळीच्या गाडीवर कव्हर चढवू नकोस. वाऱ्याने ते हलतं आणि रंग घासत राहतं.

ओरखडा पडला तर आधी ओळख, मग खर्च कर. त्यावर पाणी लाव. ओला असताना दिसेनासा झाला आणि नख फिरवल्यावर अडकलं नाही, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. तेवढ्याच जागेवर हलकं पॉलिश पुरतं. नख अडकलं तर पॉलिशने जाणार नाही, टचअप कर.

सिरॅमिक कोटिंगसाठी लोक मागे लागतील. त्याने पाणी पटकन ओघळतं, धुणं सोपं होतं, हे खरं. पण तो थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा, खडी अडवत नाही. लावण्याआधी रंग किती घासणार ते विचार आणि जाडी मीटरने मोजून दाखवायला सांग. खडीसाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म असते, १५०-२०० मायक्रॉनची. परवडली तर फक्त पुढच्या बाजूला लाव. काहीच नको असेल तर दोन-तीन महिन्यांनी हाताने मेण लाव. तेवढंही भरपूर आहे.

आणि छोट्या खुणेसाठी अख्खा पॅनल रंगवायला कधी देऊ नकोस, विम्यात फुकट होत असला तरी. कंपनीचा रंग नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. आमच्या गॅरेजात रबर, वायरिंग, प्लॅस्टिक लागलेल्या गाडीला ६० अंशांच्या आसपासच तापवता येतं. कारागीर कितीही हुशार असो, तो मूळ रंग आमच्याच्याने होत नाही. उद्या गाडी विकायला काढलीस तर घेणारा मीटर लावून जाडी बघेल, आणि रंगवलेला पॅनल सापडला की अपघाताची गाडी समजून भाव पाडेल. म्हणून दोन बादल्या, सहा फडकी, शाम्पूची बाटली आणि तुझ्या कोडचा टचअप एवढंच या रविवारी आणून ठेव. बाकी कुणी काही विकायला आलं, तर आधी मला फोन कर.